माझ्या बापासाठी नसलेली टेप

मॅडमनी माझ्या हातातून वही ओढून घेतली. "हे तुझ्यासाठी नाही गं. याला घरात थोडं वाचन असावं लागतं."

ऑफिसात मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच. पण हातातून वही ओढलेली कुणालाही कळते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोबेत एका अमेरिकन कॉलेजची शाखा होती. नवऱ्याच्या नोकरीमागे मी जपानात आलेली, तिथे अर्धवेळ कारकुनी करायची. मॅडम पुण्याच्या, विभागाच्या प्रमुख. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं माहेरचं आडनाव विचारलं. नंतर माझ्या डब्यातलं कधी काही घेतलं नाही.

आखाती युद्धात लढून आलेली काही अमेरिकन मुलं आमच्याकडे शिकत होती. त्यांच्याशी कसं वागावं हे शिकवणारी व्हिडिओ टेप अमेरिकेहून आली होती. सोबत ती वही. सवडीने बघायचं, टेप थांबवायची, उत्तर लिहायचं, भरलेली वही अमेरिकेला परत पाठवायची. माझ्या हातातून ओढल्यावर महिनाभर तिला कुणी हात लावला नाही. मग मॅडमनीच वही माझ्या टेबलावर टाकली. "भरून ठेव. मला वेळ नाही."

जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच टेप लावायची. त्यातली बाई शांतपणे सांगायची. अशा विद्यार्थ्याला दाराकडे तोंड करून बसू द्या. किती माणसं मारलीस, विचारू नका. मोठ्या वयात शिकायला आला म्हणून हसू नका.

मी टेप थांबवली.

माझा बाप एकाहत्तरची लढाई लढला. महारवाड्यातला बाप. फौजेतून सुटल्यावर तालुक्याच्या कॉलेजात नाव घालायला गेला. मी सोबत होते. खिडकीमागचा कारकून मान वर न करता म्हणाला, "बंदूक चालवलीस ना? मग गेटवर उभा राहा. पुस्तकं तुमचं काम नाही." बापाने अर्जाची घडी केली, खिशात घातली. पुढे त्याच कॉलेजच्या गेटवर वॉचमन झाला.

त्या गोऱ्या पोरांचा मला हेवा वाटला. सरळ सांगते, जळले मी. त्यांच्यातला एक रोज दाराकडे बघत हजेरीचा फॉर्म द्यायचा, मला "थँक यू" म्हणायचा. त्याचा काय दोष? तरी मला हसता येईना.

वही मात्र भरली. एक प्रश्न होता, असा विद्यार्थी कशाला घाबरतो? मी लिहिलं, खिडकीमागच्या माणसाला. टेपमध्ये हे नव्हतं. बापाकडून आलं होतं.

मॅडमनी उभ्याउभ्या वाचलं. पेन काढलं. "छान लिहिलंयस. माझ्या नावाने पाठवते. तुझं नाव बघून कोण वाचणार?"

मी वहीवर हात ठेवला. "नाही मॅडम. मी लिहिलंय, माझंच नाव जाईल."

"विचार करून बोल."

"केलाय."

त्यांच्यासमोर पूर्ण नाव लिहिलं आणि वही स्वतः टपालात टाकली. पुढच्या महिन्यात माझे कामाचे तास निम्मे झाले. रिकाम्या वेळात मी त्याच कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरला, मॅडमपुढे ठेवला.

"या वयात?"

"या वयात. शिक्का मारा."

हेवा गेला नव्हता. जाऊ द्यायचाही नव्हता. पदवी घ्यायची, आणि कुणाच्या मेहरबानीने नाही, एवढं तिथेच उभं राहून ठरवलं.