मी पायी चढलेला डोंगर

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी तोंडातला चहा गिळा. चांगला शहाणा माणूस स्वतःची फजिती कशी करून घेतो, ते सांगतो. आणि तो शहाणा माणूस म्हणजे मीच!

रायपुरात, आमच्या शंकर नगरच्या आसपास, सगळ्यात मोठा चढ म्हणजे उड्डाणपूल. म्हणून श्रावण आला की मला पचमढीचा डोंगर आठवतो. नागद्वारची यात्रा! आपली नागपूर-वऱ्हाडाकडची माणसं रानातून, चिखलातून दोन-तीन दिवस पायी चालतात. मी पाच वर्षांचा असताना बाबा मला घेऊन गेले होते. पुढे थोड्याच दिवसांत बाबा गेले. त्यांचं मला नीट आठवतं ते एवढंच: एका वळणावर ते थांबले, हात लांब केला आणि म्हणाले, "पाह्य बेटा!" समोर दरीपल्याड, वाळत घातलेल्या धोतरासारखा पांढरा धबधबा.

तो धबधबा पोरांना दाखवायचा, बस्स! यंदा निघालोच. मी, बायको मीनल, आठ वर्षांचा ओम आणि पाच वर्षांची रेवा.

पहिल्याच चढावर रेवानं बसकण मारली. "पापा, गोदी में लो ना!"

"अजिबात नाही! तुझ्याएवढा असताना मी हा सगळा डोंगर पायी चढलो. सगळा!"

झालं, हीच टेप सुरू. ओमला काटा रुतला? मी तर अनवाणी चाललो होतो! रेवाला झोप आली? मी झोपेतही चालत होतो! फेकायला काय जातं हो?

यात्रेत सगळे एकमेकांना 'भगत' म्हणतात. एक म्हातारा भगत मला म्हणालाच, "ओ भगत, काहून रडवून राहिले लेकराले? घ्या ना खांद्यावर!"

"सवय लागते," मी बाणेदारपणे उत्तर दिलं.

आणि धबधबा? पत्ताच नाही! प्रत्येक वळणावर मी टाचा उंचावून बघायचो. समोर नुसती पुरुषभर झुडपं. दुसऱ्या दिवशी तर सगळ्यांना मागे फिरवून एक चढ पुन्हा चढायला लावला.

मीनल भडकली. "अहो, आटला असन तो! पोट्ट्यायचे पाय त पाहा जरा!"

खरं सांगू? मला रडू येत होतं. बाबांची तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती, आणि तीही सापडेना.

परतीच्या वाटेवर रेवाचा पाय सुजला. घेतली शेवटी खांद्यावर, तोंड वाकडं करून. थोडं चाललो असेन, तोच ती वरून किंचाळली, "पापा, वो देखो! कित्ता बड़ा झरना!"

"कुठे?"

"सामने!"

मी बघतो तर झुडूप. मीनल बघते, झुडूप. ओम बघतो, झुडूप.

"रेवा," मी कडक आवाजात म्हणालो, "खोटं बोलायचं नाही!"

बोलतंय कोण, बघा!

रायपुरात परतल्यावर ब्राह्मणपारा मोहल्ल्यात आईकडे गेलो. ती पापड भाजत होती. मी गाऱ्हाणं सुरू केलं, "आई, डोंगर बदलला. बाबांचा धबधबा राहिला नाही. आणि ही आजकालची पोरं! रेवाला उचलून आणावं लागलं. मी कसा चाललो होतो गं?"

"तू?" आईच्या हातातला पापड तिथंच जळला. "तू कधी चालला रे?"

"म्हणजे?"

"नवसाचा पोट्टा तू! पोराचा पाय भुईले लागू देणार नाही, असा नवस होता तुह्या बाबाचा. जाऊन-येऊन खांद्यावरच होता तू. घरी आले त खांदे सोललेले. मीच हळद लावली त्यायले."

रेवा लगेच आजीला बिलगली. "आजी, मैंने झरना देखा था! पापा ने डाँट दिया."

धबधबा तिथंच होता हो, माझ्या डोक्याच्या जरासा वर. बाबांच्या खांद्यावरच्या माझ्या उंचीतून आजची माझी उंची वजा केली तेव्हा कुठे मला कळलं. फार आठवण आली त्यांची.

पुढच्या श्रावणात परत जायचं ठरलंय. रेवा खांद्यावर बसेल, ओमही बसेल, दोघांना धबधबा दिसेल. बघायचा तर मलाही आहे. पण नव्वद किलोचं हे नवसाचं लेकरू आता खांद्यावर घेणार कोण?