सगळ्यांचं पाणी झालं का?

"मेजरसाहेबांना हीट स्ट्रोक झालाय," डॉक्टर म्हणाले, "आणि त्यातून डेलिरियम."

हीट स्ट्रोक म्हणजे उष्माघात. तो मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. डेलिरियमचा अर्थ डॉक्टरांनी सांगितला: वात. माणूस जागा असतो, बोलतो, पण मनाने भलत्याच ठिकाणी असतो.

आमचे हे कुठे होते ते मला लगेच कळलं. डोळे अर्धवट उघडून ते म्हणाले, "खिडकी लावा. बर्फ आत येतोय."

बाहेर लातूरचा मे महिना होता.

हे मूळचे भोकरचे. शिपाई म्हणून फौजेत गेले आणि परीक्षा देत देत अधिकारी झाले. माझी शाळेतली नोकरी लातूरला, म्हणून बिऱ्हाड इथे. उत्तर सीमेवरच्या बर्फातल्या चौकीवरून हे वर्षातून एकदा रजेवर यायचे आणि आले की घराचा ताबा घ्यायचे. लेकीची वेणीसुद्धा तेच घालायचे, इतकी घट्ट की तिच्या भुवया वर चढायच्या. ती कुरकुरायची, आणि दुसऱ्या दिवशी फणी घेऊन पुन्हा त्यांच्यापुढेच बसायची.

त्या वर्षी दुष्काळ होता. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. गावभर पाट्यांवर 'जिल्हा' हा शब्द ताज्या रंगात चमकत होता, पण पाणी टँकरनेच यायचं. टँकरवरची भांडणं यांना बघवेनात. यांनी गल्लीला रांग लावली आणि सगळ्यांच्या घागरी भरेपर्यंत स्वतः उन्हात उभे राहू लागले. फौजेचा रिवाज आहे, जवानांचं झाल्याशिवाय अधिकारी ताटावर बसत नाही. गल्लीतल्या बाया म्हणजे काही पलटण नव्हती, पण यांना कोण सांगणार? शेवटी एका दुपारी रांगेतच कोसळले.

लेकीला भोकरला आजीकडे पाठवलं आणि मी दवाखान्यात राहिले.

वॉर्डाच्या खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या होत्या. आतला उजेड पाण्याखालचा असावा तसा हिरवट दिसायचा. लांबून डाळमिलची घरघर यायची. सगळ्या दुपारी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. त्या उजेडात हे हळू आवाजात बर्फाबद्दल बोलायचे: रात्रीतून वाट कशी नाहीशी होते, बर्फावर पाऊल टाकलं की आवाज कसा होतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या चाचांची बायको, जिला सगळा वॉर्ड खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा, ती पदराने वारा घेत ऐकत बसायची. "बोला साब, अजून बोला," ती म्हणायची, "लई गार वाटायलंय." मलाही वाटायचं. डोळा लागला की मी त्याच पांढऱ्या डोंगरावर असायचे.

पण रक्ताचा रिपोर्ट आला आणि मी खाडकन जागी झाले. क्रिएटिनिन वाढलं होतं. हा रक्तातला कचरा, तो मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा असतो. यांची मूत्रपिंडं थकली होती. सलाईनची सुई लावली की हे उपटून फेकायचे.

"गिळता येतंय त्यांना," डॉक्टर म्हणाले. "पाणी तोंडानेच जाऊ द्या. उद्यापर्यंत लघवी सुटली नाही तर पुण्याला हलवावं लागेल. आणि एवढा प्रवास त्यांना सोसेल असं मला वाटत नाही."

मी चमचा ओठांशी नेला. यांनी तोंड फिरवलं.

"सब का हो गया?" त्यांनी विचारलं.

"हो, झालं सगळ्यांचं."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली. "नहीं. एक कम है."

मी विनवलं, रागावले, नर्सबाईंनी दटावलं. खालाने तर शपथ घेतली, "सब पी लिये साब, मैं देखी ना!" दर वेळी तीच मोजणी आणि तेच उत्तर. एक कमी. मला वाटलं, बर्फात मागे राहिलेला एखादा जवान असणार. मग मला असा राग आला म्हणून सांगू! मरणाच्या दारात पडलेत आणि अजून पलटण मोजतायत. मी आणि माझी पोर यांच्या मोजणीत कुठे आहोत? मी चमचा आपटला आणि खाटेच्या कडेला बसून रडले. उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी आली.

खालाने मला धरलं. "बाई, तू पानी कधी पिलीस? तुझा गिलास सकाळपासून तसाच हाय."

दुष्काळात दवाखान्याच्या संडासालाही पाणी नव्हतं. पुरुषांचं कसंही निभावतं. सोबतीला आलेल्या आम्ही सगळ्या बायका त्यावर एकच उपाय करत होतो, पाणीच प्यायचं नाही. त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

"संडासाचं मी बघते. आमची बहीण हितंच मागं ऱ्हाते," खाला म्हणाली आणि तिने पेला माझ्या तोंडाला लावला. मी प्यायले. सगळा पेला संपवला.

मान वळवली तर हे माझ्याकडे बघत होते. बर्फाकडे नाही, माझ्याकडे. त्यांनी पुन्हा बोटं मोजली.

"आता दे," ते मराठीत म्हणाले आणि तोंड उघडलं.

मग चमच्याचमच्याने तांब्याभर पाणी गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी सुटली आणि नर्सबाई पेढे वाटावेत अशा चेहऱ्याने सांगत आल्या. पुण्याचा प्रवास टळला. क्रिएटिनिन उतरायला बरेच दिवस लागले, आणि यांची शुद्ध परतली तसा वॉर्डातला बर्फही गेला. खालाला जरा चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

आजारी माणसाच्या उशाशी बसणाऱ्या बायांनो, तुम्हाला एवढंच सांगते. आधी तुम्ही पाणी प्या. लाजू नका, सोय मागा, शेजारणीला विचारा. खाटेवरचा माणूस भ्रमात असला तरी त्याला सगळंच दिसत नाही असं समजू नका. त्या खालाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं. बर्फ, मोजणी, एक कमी. यांना त्यातलं काही आठवेना. चेहरा ओशाळा करून ऐकत राहिले.

"म्हणजे काहीच आठवत नाही?" मी विचारलं.

"एक आठवतंय," ते म्हणाले. "तुझे ओठ फुटले होते."