खिडकीवर बसलेले डॉक्टर

धुळ्यातल्या आमच्या सोनोग्राफी प्रशिक्षण केंद्रात मी अकरा वर्षं कार्यालय सांभाळतोय. मी नासीर शेख. पेशंटची नोंदणी माझ्याकडे आणि विद्यार्थ्यांची हजेरीही माझ्याकडेच. विद्यार्थी म्हणजे काही पोरं नव्हेत. एमबीबीएस झालेले डॉक्टर सहा महिन्यांसाठी मशीन शिकायला येतात, शेवटी परीक्षा देतात आणि आपापल्या गावी जातात. बहुतेकांचं वय पंचवीस-तीसच्या घरात असतं.

म्हणून त्या जूनमध्ये एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले तेव्हा मी सवयीनं म्हणालो, "बाबा, पेशंटची रांग त्या बाजूला आहे."

"मी विद्यार्थी आहे," ते म्हणाले. "शालिग्राम देवरे. चाळीसगाव तालुक्यातून आलो."

मी खुर्चीतून उठलो आणि माफी मागितली. ते हसून म्हणाले, "मागू नका. सकाळपासून तुम्ही तिसरे आहात."

सत्तावन्न वर्षांचे डॉक्टर. सव्वीस वर्षं एकाच गावात दवाखाना. त्यांच्या गावच्या बायकांना साध्या तपासणीसाठी चाळीसगाव किंवा धुळं गाठावं लागे, आणि निम्म्या बायका तो त्रास नको म्हणून जातच नसत. गावात आपलंच मशीन असावं, असं डॉक्टरांच्या मनानं घेतलं होतं. पण त्यासाठी आधी शिकणं आलं.

पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला सोळा पानांची नियमावली देतो आणि शेवटच्या पानावर सही घेतो. तरुण मंडळी न वाचता सही करून मोकळी होतात. देवरे डॉक्टर चष्मा लावून माझ्याच टेबलाशी बसले आणि त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. मोबाईल कपाटात ठेवायचा. अंगावर टेकवून फिरवायचा प्रोब प्रत्येक पेशंटनंतर पुसायचा. बाई पेशंट असेल तर आमच्या मदतनीस सुमनबाई खोलीत हजर हव्यात. गर्भ मुलाचा की मुलीचा, हा विषय कुणी तोंडातूनसुद्धा काढायचा नाही. नवव्या कलमावर मात्र त्यांचं बोट थांबलं. विद्यार्थ्यानं मशीनवर जे दिसलं ते फक्त शिक्षकांना सांगायचं. पेशंटला किंवा नातेवाइकांना काहीही सांगायचं नाही.

"नासीरभाऊ, पेशंटनं विचारलं तर?"

"मॅडम सांगतील, असं म्हणायचं."

त्यांनी सही केली, पण कलम काही त्यांच्या गळी उतरलं नव्हतं. चेहऱ्यावरून कळत होतं.

मॅडम म्हणजे डॉ. आयुषी छाजेड. आमच्या केंद्राच्या प्रमुख, वय चौतीस. आवाज बारीक, पण त्यांनी एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायची वेळ कुणावर आलेली नाही. देवरे डॉक्टर त्यांच्या वडिलांच्या वयाचे. पहिले काही दिवस दोघंही अवघडलेले असत. मॅडम "सर" म्हणत आणि डॉक्टर "मॅडम" म्हणत, आणि दारातून आधी कुणी आत जायचं यावर दोघं तिथंच थांबत.

हात मात्र डॉक्टरांचा सावकाश चालायचा. पोरं व्हिडिओ गेम खेळल्यासारखी बटणं दाबत. हे एकेक बटण विचारून, वहीत चित्र काढून शिकत. तरी दोन महिन्यांत त्यांना यकृत, मूत्रपिंड, पित्ताशय ओळखू येऊ लागलं होतं.

ऑगस्टमध्ये त्यांच्याच गावच्या तानुबाई आल्या. साठीच्या, एकट्याच एसटीनं आलेल्या. पोटाच्या वरच्या बाजूला महिनाभर दुखत होतं. डॉक्टरांना पाहून त्यांना हायसं वाटलं. मॅडम शेजारच्या खोलीत दुसरी केस बघत होत्या. डॉक्टरांनी प्रोब ठेवला, पडद्यावर पित्ताशयाच्या जागी एक पांढरा ठिपका आणि त्याच्यामागे काळी सावली दिसली. पुस्तकात खड्याचं चित्र असतं, अगदी तसं.

तानुबाईंनी अहिराणीत विचारलं, "भाऊ, काय शे मना पोटमा?"

सव्वीस वर्षांची सवय. ते बोलून गेले, "काही घाबरानं नही अक्का. पित्तनी पिशवीमा खडा शे. काढी टाकसूत."

सुमनबाई तिथंच उभ्या होत्या. त्यांनी मला नंतर सांगितलं की शब्द बाहेर पडताच डॉक्टरांनी जीभ चावली. पण तानुबाई तोवर उठून बसल्या होत्या. मॅडम येईपर्यंत त्या बाहेर गेल्या, शिपायाच्या फोनवरून मुलाला कळवलं आणि बाकावर बसून राहिल्या.

डॉक्टरांनी मशीनवर साठवलेली चित्रं मॅडमनी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पित्ताशय आक्रसलंय. या उपाशीपोटी आल्या होत्या का?" काही खाल्लं की पित्ताशय असं रिकामं होतं, पण ते कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी तानुबाईंना आत बोलावून, कुशीवर वळवून पुन्हा पाहिलं, पण नक्की काही सांगता येईना. म्हणाल्या, "उद्या सकाळी रिकाम्या पोटी परत या."

पण तोवर गावात बातमी पोचली होती. दुपारी तीनच्या सुमाराला केंद्राच्या दारात एक जीप थांबली. आतून तानुबाईंचा मुलगा जीवराम उतरला, मागून दोन भाऊबंद, एक सून, एक मावशी. टपावर गादी, सतरंजी, पाण्याचा जार आणि चार दिवस पुरेल एवढा डबा. सुरतेहून लेकही निघाली होती म्हणे. जीवरामनं खिडकीशी येऊन मला विचारलं, "ऑपरेशन कोणत्या मजल्यावर आहे?"

आमचं केंद्र तळमजल्यावरच संपतं.

त्या रात्री सगळे धुळ्यात मावशीच्या ओळखीच्या घरी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तानुबाई पाण्याशिवाय काही न घेता आल्या. मॅडमनी स्वतः तपासलं. पित्ताशय छान फुगलेलं आणि आरशासारखं स्वच्छ. आदल्या दिवशी शेजारच्या आतड्यातला वायू खड्यासारखा दिसला होता. मग मॅडमनी तासभर चौकशी केली तेव्हा कळलं की बाई गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी रोज सकाळी चहाच्या आधी घेत होत्या. दोन वर्षं. पोटातलं दुखणं त्यातून होतं.

"गोळी कुणी दिली?" मॅडमनी विचारलं.

कोपऱ्यात उभे असलेले देवरे डॉक्टर म्हणाले, "मीच. पाच दिवसांसाठी लिहून दिली होती."

जीवरामची मंडळी रागावली नाहीत. ऑपरेशन टळल्याचाच त्यांना आनंद झाला. त्यांनी डबा व्हरांड्यात उघडला आणि आम्हा सगळ्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खायला लावला. पण मॅडमच्या टेबलावर नियमावली उघडी होती. नववं कलम मोडलं तर चौदा दिवस प्रोबला हात लावायचा नाही, नोंदणीच्या खिडकीवर काम करायचं.

मॅडमनी मला आत बोलावून विचारलं, "नासीरभाई, त्यांच्या वयाच्या माणसाला खिडकीवर बसवायचं? बरं दिसेल?"

मी म्हणालो, "मागच्या वर्षी त्या साक्री रोडच्या पोराला बसवलं होतंच की."

त्यांनी शिक्षेच्या पत्रावर सही केली.

डॉक्टरांनी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि निघून गेले. पुढचे दोन दिवस ते आले नाहीत. मी हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. मला वाटलं, गेले. फोन करावा तर काय बोलणार? पुढे त्यांनीच मला सांगितलं, त्या दोन दिवसांत ते घरी कुणाशी नीट बोललेसुद्धा नाहीत. गावात लोक रस्त्यात थांबवून पाया पडतात आणि इथं मुलीच्या वयाची बाई शिक्षा करते, हे मनातून जाईना. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते तानुबाईंच्या घरी गेले, चूक झाली म्हणाले. तानुबाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "मग आते नीट शिकी ल्या. आमले उपयोग व्हई."

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले. "सांगा, काय करायचं."

मी त्यांना रजिस्टर दिलं. नाव, वय, गाव, कोणत्या तपासणीला आले, कागद बरोबर आहेत का. पहिल्या तासाभरातच त्यांना एक गोष्ट दिसली, जी मला अकरा वर्षांत दिसली नव्हती. पोटाच्या तपासणीला आलेल्या एका आजींना त्यांनी विचारलं, "अक्का, सकायपासून काही खायेल शे का?"

"नही भाऊ. चिठ्ठीमा लिखेल व्हतं ना, उपाशी. साबुदाणानी खिचडी खादी फक्त."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. तपासणीची तारीख देताना आम्ही जी चिठ्ठी देतो तिच्यावर छापलेलं होतं, 'तपासणीस उपाशीपोटी यावे.' आजींनी त्याचा अर्थ उपवास असा घेतला होता. त्यांच्या मागच्या बाईनं भगर खाल्ली होती. एका गृहस्थांनी तीन केळी आणि शेंगदाण्याचा लाडू, आणि वर मला अभिमानानं सांगितलं की अन्नाला शिवलो नाही. डॉक्टरांनी लगेच जीवरामला फोन करून तानुबाईंना विचारलं. त्यांनीही त्या दिवशी भल्या पहाटे खिचडी करून खाल्ली होती, आणि तेसुद्धा चिठ्ठी वाचून, मनापासून.

मला तर हसू आवरेना. अकरा वर्षं मीच त्या चिठ्ठ्या वाटत होतो. रोज सात-आठ पेशंट खाऊन आल्याचं आत तपासताना निघायचं, मी त्यांना परत पाठवायचो आणि लोक ऐकत नाहीत म्हणून चिडायचो.

डॉक्टर मात्र कामाला लागले. दुपारी त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली. सकाळी चहा नाही, बिस्किट नाही, फराळ नाही, फळ नाही, पाणी चालेल, रोजची औषधं सुरू असतील तर आधी विचारा. खाली तेच अहिराणीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते स्वतः मोठ्यानं म्हणून दाखवत आणि परत म्हणवून घेत. आणखी एक गोष्ट केली. तपासणीसाठी लघवी धरून यायला सांगितलेल्या बायका तास तास बाकावर पाय आवळून बसत. त्यांच्यासाठी त्यांनी वेगळी रांग लावली आणि त्यांना आधी आत सोडू लागले. एका बाईनं आत जाता जाता त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

दहाव्या दिवशी मॅडम बाहेर आल्या. "आज एकही पेशंट परत गेला नाही. काय झालंय?"

मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती उभ्या उभ्या दोनदा वाचली. साबुदाण्याचा किस्सा ऐकून आधी त्या खूप हसल्या, मग थोड्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, "सर, खरं तर चूक अर्धी आमची होती. शिक्षा कमी करू का?"

"नको," डॉक्टर म्हणाले. "चार दिवस राहिलेत. मला अजून एक बुधवारचा बाजार बघायचाय. त्या दिवशी खेड्यातले लोक जास्त येतात."

चौदा दिवस पुरे करून ते पुन्हा मशीनवर गेले. आता प्रोब ठेवण्याआधी ते पेशंटला सांगत, "मी अजून शिकतोय. दिसेल ते मी मॅडमना दाखवणार आणि त्या तुम्हाला सांगणार." एकदा एका म्हाताऱ्यानं त्यांच्या मिशांकडे बघत विचारलं, "ह्या वयमा शिकी ऱ्हायनात?" डॉक्टर म्हणाले, "हां नाना, जरा उशीर व्हयना." दोघं इतके हसले की पोट हलायचं थांबेना आणि तपासणी पाच मिनिटं लांबली.

डिसेंबरच्या परीक्षेत लेखीत ते पहिल्या तिघांत होते, पण प्रात्यक्षिकात थोडक्या गुणांनी नापास झाले. निकाल लागला त्या दिवशी ते माझ्याकडे येऊन बसले, चहा घेतला आणि पुढच्या परीक्षेचा अर्ज मागितला. सरावासाठी आणखी दीड महिना आले. मॅडम काम संपल्यावर त्यांच्यासाठी अर्धा तास थांबत आणि दोघं मिळून जुन्या केसेस बघत. फेब्रुवारीत पास झाले.

नव्या तुकडीसाठी मॅडमनी नियमावली सुधारली. आता पहिला आठवडा प्रत्येक विद्यार्थी नोंदणीच्या खिडकीवर बसतो, शिक्षा म्हणून नाही, अभ्यासक्रम म्हणून. काही जण कुरकुर करतात. मी त्यांना शेजारी खुर्ची देतो.

डॉक्टरांच्या मशीनच्या नोंदणीला पाच महिने लागले. कागदांचा ढीग होता आणि त्यातले बरेचसे मी भरून दिले, कारण हे काम माझ्या हातचं. ऑक्टोबरमध्ये त्यांनी आम्हाला गावी बोलावलं. मॅडम, सुमनबाई, मी आणि माझी मुलगी महेक, असे सगळे एका जीपमधून गेलो. दवाखान्याच्या मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणकेच्या बट्ट्या भाजल्या जात होत्या, शेजारी वरण आणि भरल्या वांग्यांची भाजी. तानुबाई स्वतः तूप वाढत होत्या आणि नको म्हटलं तर ऐकत नव्हत्या. मॅडमनी चार बट्ट्या खाल्ल्या, आणि परतीच्या वाटेवर गाव सुटायच्या आत महेकच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या.