बिब्बेवाल्या गयाबाईची सुमन

सुमन कुणालाही भेटली की आधी तोंडाकडे बघत नसे, हाताकडे बघे. समोर बाईमाणूस असलं तर सरळ तळवा उलटा करून बघायची. सोयरे नाकं मुरडायचे, कॉलेजात शिकवते अन् रीतभात न्हाई म्हणून. रीतभात! तिच्या आईनं, गयाबाईनं, जन्मभर बिब्बे फोडून आतली खायची बी, गोडंबी, काढली. बिब्ब्याचं तेल डांबरासारखं काळं. अंगाला लागलं की फोड येतात, कातडी सोलते. गयाबाईचे हात शेवटी जळक्या लाकडासारखे झाले होते. लेकीच्या गालावरून हात फिरवायचा तर ती मनगटानं फिरवायची. असल्या आईच्या लेकीनं हात बघू नयेत तर काय बघावं?

आमचं गाव चारठाण्याकडच्या माळावर, सुमनचं घर माझ्या भिंतीला भिंत. मी चौथी शिकलेला, ती रसायनातली डॉक्टर. पण बोलणं बरोबरीचं. परभणीच्या कॉलेजातून आली की माझ्या बांधावरच्या झाडाचे बिब्बे पिशवी भरून न्यायची.

"काय करायलीस गं ह्याचं?"

"तेल काढते तात्या, अन् त्यात काय काय हाय ते एकेक वेगळं करते. आईचा हात त्यातल्या कशानं जाळला ते कळलं, की ते धुवायचं कशानं तेबी सापडंल."

तिच्या वरच्या साहेबांना हातांचं काही पडलेलं नव्हतं. बिब्ब्यानं कोणता रोग बरा होतो तेवढं शोधा म्हणायचे. सुमन घरी येऊन माझ्यापुढं भडकायची, "सगळ्यांना बिब्ब्याचं औषध पाहिजे तात्या. बिब्बा फोडणारीच्या हाताला औषध कुणालाच नको!"

साहेबांसाठी म्हणून तिनं काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी ठेवून त्यांवर तेलातला अर्क सोडला. पेशी मेल्या. गावच्या शाळेत तिचा सत्कार झाला तेव्हा तिनं हे सांगितलं, आणि त्याच दमात म्हणाली, "बशीत रॉकेल ओतलं तरी त्या मरतात. म्हणून कुणी रॉकेल पिऊ नका, अन् बिब्बाबी पिऊ नका." लोक हसले. मी तिथं बसलो होतो, माझ्या कानांनी ऐकलं. पण गाव घरी काय घेऊन गेलं? गयाबाईच्या पोरीनं बिब्ब्यानं कॅन्सर मारला, एवढंच.

माझा धाकटा भाऊ सोपान. तंबाखूनं त्याच्या गालात कॅन्सरची गाठ धरली होती, डॉक्टरनं ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं. सोपानला सुरीची भीती. पारावरच्या शहाण्यांनी, त्यांची नावं लिहीत नाही, वाचतील तेव्हा आपलं आपण ओळखतील, त्याला सांगितलं, आपल्याच पोरीचा शोध हाय, चिरफाड कशाला करतोस? आपल्याकडं बाळंतिणीला बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरतात आणि त्याचा थेंब दुधात पाडून देतात. सोपान मला चोरून तेच करायला लागला, आणि थेंब रोज वाढवत गेला. तोंड सुजलं, अंगभर फोड उठले, लघवी बंद झाली.

सुमन मिळेल त्या गाडीनं आली. "कुणी सांगितलं तुमाला हे, काका?"

सोपान सुजल्या ओठांनी म्हणाला, "तूच की गं."

सुमन पदर खोचून म्हणाली, "उठा. शिव्या गाडीत देते." परभणीच्या दवाखान्यात तीच त्याच्या उशाशी बसली. पण किडन्या गेल्या होत्या. सोपान गेला.

दहाव्याला तेच पारावरचे पुढं येऊन बसले आणि कुजबुजायला लागले, बाईनं शाळेत सांगितलंच नसतं तर! माझं डोकं फिरलं. "अरे, तिनं पुरं सांगितलं! अर्धं उचलून पळालात ते तुमी! अन् ह्याला बिब्ब्याचं दूध कुणी प्यायला लावलं, ते बोला की!" सोपानचा पोरगा, माझा पुतण्याच, मला म्हणतो, "तात्या, चारचौघांत इज्जत ठेवा." कसली इज्जत? माणूस गेला माझा!

सुमननं लांबच्या कॉलेजात बदली मागून घेतली. निघायच्या सकाळी माझ्या ओट्यावर आली, बसली नाही.

"तात्या, मी आता गावोगावच्या शाळांत जाऊन सांगणार हाय. पण नुसतं पिऊ नका म्हणलं की लोक हसतेत. सोपानकाकांचं नाव घेऊन सांगू का? काय झालं, कसं झालं, सगळं?"

आतून पुतण्या ओरडला, "माझ्या बापाचा तमाशा करायचा न्हाई!"

"गप रे," मी म्हणालो, "तुझा बाप व्हायच्या आधीपासून माझा भाऊ होता." आणि सुमनला म्हणालो, "घे. आमच्या बापाच्या, गावाच्या नावासकट घे. अन् पुटपुटू नको, पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."