पत्रे उडाले, मेल नाही

आमच्या ऑफिसात किस्से कसे साठतात सांगू? जेवणाचा डबा उघडला की. कोणीतरी म्हणतं, "त्या दिवशी काय झालं आठवतंय ना?" आणि घास हातातच राहतो. नव्या माणसाला वाटतं, ही मंडळी फुशारक्या मारतायत. मारतोच! पण त्यातली एकही खोटी नाही. आणि गंमत म्हणजे आमचे सगळ्यात चांगले किस्से ऑफिस बंद असतानाचे आहेत.

त्याचं झालं असं. आमची कंपनी मासे गोठवून परदेशात पाठवते. माल मिरकरवाड्याच्या बंदरातला, हेड ऑफिस मुंबईत आणि कागदपत्रं बघणारं आमचं छोटंसं ऑफिस तिथेच, रत्नागिरीत. मी तिथे कॉम्प्युटरचं सगळं सांभाळते. सगळे मला शिर्के मॅडम म्हणतात. तर एका वादळात आमच्या ऑफिसचे पत्रे उडाले ते थेट मागच्या आंब्याच्या बागेत जाऊन पडले. टेबलांवर पाणी, वायरी लोंबतायत, खुर्चीत बसलं की डोक्यावर आभाळ!

मुंबईहून मोठ्या साहेबांचा फोन आला. "छप्पर होईपर्यंत तुमचं काम इकडे घेतो. तात्पुरतं."

तात्पुरतं मुंबईला गेलेलं काम परत येत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत. आमचे मॅनेजर भाटकर एरवी मुंबईपुढे 'हो सर'च्या पुढे जात नाहीत. त्या दिवशी मात्र गेले. "गरज नाही सर. आम्ही घरून करतो. ऑफिसचं मेल घरच्या कॉम्प्युटरवर घेतो."

"अहो भाटकर, तुमच्याकडे लाइट तरी टिकते का?"

"लाइट जाते सर. माणसं जात नाहीत!"

ऐकून आमच्या अंगावर काटा आला. भाटकरांनी ऐटीत फोन ठेवला, माझ्याकडे वळले आणि हळूच विचारलं, "शिर्के मॅडम, मेल घरून बघता येतं ना हो?"

*

येतं. घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम टाकायचा, पासवर्ड द्यायचा, मोबाईलवर ओटीपी येतो तो टाकायचा, की ऑफिसचं मेल समोर. मी स्कूटर काढली आणि प्रत्येकाच्या घरी जाऊन ते बसवून दिलं.

अकाउंट्सचे सावंतकाका देवरूखच्या बाजूच्या एका खेड्यातले. रत्नागिरीत खोली घेऊन राहायचे, ऑफिस बंद झाल्यावर गावी गेले. घरात मुलाने घेऊन दिलेला कॉम्प्युटर होता, तो पडवीत मांडलेला. मी सांगितलं, "काका, पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर हवं, आकडा हवा, एक चिन्ह हवं." काकांनी बांगड्यावरून पासवर्ड केला आणि आत स्वयंपाकघरात ओरडले, "अगं, लक्षात ठेव! बांगडा! बी मोठा! पुढे सात!"

मी चहा पिऊन निघाले, तर खालच्या घरातले एक आजोबा कुंपणापाशी उभे. म्हणाले, "मॅडम, बांगड्यानंतर आकडा कुठला म्हणाला तो? नीट ऐकू नाय आलं."

परत गेले. पासवर्ड बदलायला लावला आणि हा कोणालाच सांगायचा नाही, अशी तंबी दिली. काकांनी पाठ करून बदलला.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्यापासनं काहीतरी लपवलंत हो!"

*

सावंतकाकांच्याच घरचा पुढचा प्रकार. इंटरनेट वायरीने घरात आलेलं, पण मोबाईलला घरात रेंज नाही. रेंज मिळायची घरामागच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर. काका वर जाऊन ओटीपी घेऊन खाली यायचे, तोवर त्याची मुदत संपलेली. शेवटी काकूंनीच तोड काढली. "तुम्ही खाली बसा. मी वर जाते नि ओरडते."

पहिल्या दिवशी मी व्हिडिओ कॉलवर होते. काकांनी बटण दाबलं. वरून काही आवाज नाही. काकांनी हाक मारली, "आला काय गं?"

"आला!"

"मग सांग ना!"

वरून काकूंचा गोंधळलेला आवाज आला. "अहो, ह्याच्यात लिवलंय कोणाला सांगू नका! मग सांगू काय नको सांगू?"

*

एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते ती नाझनीन. मिरकरवाड्यातच सासर. भरलेलं घर, सतत कोणाचं तरी येणं-जाणं. तिला धास्ती होती ती सासूची. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसलेली सून त्यांना चालेल का?

पहिला दिवस त्या नुसत्या बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "ही चिठ्ठी कोणाला?" नाझनीन म्हणाली, "अम्मी, दुबईला. आपला माल घेतात ना, त्यांना."

"आणि ते तुझं ऐकतात?"

"ऐकायला लागतं. माझ्या कागदाशिवाय माल बंदरातून सुटत नाही."

झालं! त्या दिवसापासून घरातला मिक्सर दुपारपर्यंत बंद. टीव्हीचा आवाज बंद. मी काही कागद द्यायला गेले, तर सासूबाई उंबऱ्यातच आडव्या. मी विचारलं, "नाझनीन आहे का?"

"नाही, ती दुबईत आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "बसा, जेवायला येईल."

*

भाटकरांचं वेगळंच. ते घरी एका स्क्रीनवर ऑफिसचं मेल आणि शेजारी व्हॉट्सॲप उघडं ठेवून बसायचे. मी सांगून दमले. एके दिवशी वेळणेश्वरच्या भावाला निरोप टाकायचा होता, 'येताना नारळ जास्त आण. मागच्या वेळचे किडके निघाले.' तो गेला दुबईच्या खरेदीदाराला!

भाटकरांचा मला फोन. आवाज पार खोल गेलेला. "मॅडम, गेलेलं मेल परत ओढता येतं का हो?"

मी म्हटलं, "नाही."

तासाभरात दुबईहून उत्तर आलं. तिथे कोणीतरी मराठी वाचणारा असावा. लिहिलं होतं: 'नारळही पाठवता हे माहीत नव्हतं. कंटेनरचा भाव कळवा. किडके चालणार नाहीत.'

*

मग ते फसवं मेल आलं. कंपनीतल्या सगळ्यांना, इंग्रजीत. 'मी ॲडमिन. तुमचा मेलबॉक्स भरला आहे. ताबडतोब पासवर्ड कळवा.' हेड ऑफिसात काहींनी कळवला! तिकडे दोन दिवस धावपळ. मोठ्या साहेबांनी मला फोन केला, "रत्नागिरीत किती जणांनी दिला?"

मी म्हटलं, "एकानेही नाही सर." ऊर असा भरून आला म्हणून सांगू! तरी सावंतकाकांना विचारून घेतलं, "तुम्ही काही पाठवलं नाही ना?"

"पाठवलं ना!"

मी घाईने त्यांचं मेल उघडून बघितलं. स्वच्छ मराठीत उत्तर दिलेलं: 'आमच्या ॲडमिन शिर्के मॅडम आहेत. त्या मराठीत रागावतात. आपण कोण?'

*

आणि आता तो दिवस सांगते, ज्यानंतर मुंबईने 'तात्पुरतं' हा शब्द कधी काढला नाही.

सकाळी नाझनीनने घरी मेल उघडलं, तर दुबईचं मेल. निघालेल्या कंटेनरच्या कागदावर नंबरातला एक आकडा चुकलाय. जहाज दुबईला लागायच्या आत दुरुस्त कागद आला नाही, तर माल परत. एवढा गोठवलेला मासा परत येणार म्हणजे तो फुकटच गेला आणि त्याबरोबर आमचं ऑफिसही. तिने दुरुस्ती लिहायला घेतली आणि लाइट गेली. जोराचा वारा होता, अख्ख्या शहराची वीज बंद. आदल्या दिवसापासून तेच चाललं होतं, त्यामुळे सगळ्यांचे इन्व्हर्टर उतरलेले.

मोबाईलला रेंज होती, पण मोबाईलवरून भागत नव्हतं. दुरुस्तीवर कंपनीची डिजिटल सही लागते आणि ती फक्त नाझनीनच्याच कॉम्प्युटरवरून होते. तिने मला बोलावलं. मी पोचले, तर ती रडायच्या बेताला आलेली. भाटकर फोनवर सारखं विचारतायत, "लाइट आली का?"

तिचे सासरे दारात उभे राहून ऐकत होते. त्यांचा स्वतःचा ट्रॉलर. ते म्हणाले, "वीज पाहिजे ना? माझं इंजिन चालू केलं की बोटीवर दिवे लागतात. तुझा डबा नाही चालणार?"

प्लास्टिकमध्ये गुंडाळून, माशांच्या क्रेटमध्ये घालून आम्ही तो कॉम्प्युटर धक्क्यावर नेला. सासूबाई कीबोर्ड पदराखाली धरून पुढे. बांधलेल्या ट्रॉलरवर बर्फाच्या पेटीवर स्क्रीन ठेवला, तो मी दोन्ही हातांनी धरला. सासऱ्यांनी इंजिन सुरू केलं. नाझनीनने मोबाईलचं नेट कॉम्प्युटरला जोडलं. बोट हलली की माउस आपोआप डावीकडे जायचा. नाझनीन ओठ दाबून टाइप करत होती. आजूबाजूच्या बोटींवरचे खलाशी उभे राहून बघत होते. सही झाली. मेल गेलं. थोड्या वेळाने दुबईचं उत्तर आलं, 'कागद मिळाला, माल सुटेल', तेव्हा त्या सगळ्यांनी मिळून अशी आरोळी ठोकली!

तेवढ्यात नाझनीनचा मोबाईल वाजला. मुंबईचे मोठे साहेब. तिने स्पीकरवर घेतला.

"शाब्बास! पण रत्नागिरीत तर लाइट नाही म्हणतात. आणि हा कसला आवाज? कुठे आहेस तू?"

"बंदरात, सर."

"बंदरावर काय करतेस?"

नाझनीनने एका हाताने घसरता माउस धरला.

"बंदरावर नाही सर," ती म्हणाली. "बंदरात, बोटीवर!"