चात्यांचा ढोल

बायको बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. तेरावं झालं आणि मी नालवाडीच्या कारखान्यात परत कामाला लागलो. आमच्याकडे चरख्याच्या चात्या होत. चाती म्हणजे टोकदार लोखंडी सळई, तिच्यावर सूत गुंडाळलं जातं. आधी एकेक चाती हातानं घासावी लागे. अंबर चरखा नवा निघाला, मागणी वाढली, तेव्हा मिस्त्रींनी लाकडी ढोल करून घेतला. त्यात चात्या टाकायच्या, सोबत घासणारं काहीतरी भरायचं आणि दांडा फिरवत बसायचं. ते काम मी मागून घेतलं.

धाम नदीचे गोटे घातले की ढोल असा धडधडे की शेजारचं माणूस काय बोललं ते कळत नसे. मला तेच हवं होतं. लोक येत, तोंडं हलवत, वाईट झालं असंच म्हणत असणार. मी मान डोलवी. रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. दिवस जात होते, बस्स. घरी मात्र शांतता खायला उठे.

ढोलातून एक घाणा निघाला की आधी त्यातली एक चाती चरख्यावर चढवायची, सूत काढून बघायचं, मगच माल बाहेर, असा आमचा शिरस्ता. पूर्वी ते काम माझी बायको करी. आता अल्लीपूरच्या एक काकू बसत. गोट्यांनी घासलेल्या चातीवर त्यांचा धागा पटापट तुटू लागला.

"काऊन तुटून राह्यला?" मिस्त्रींनी विचारलं.

मी तडकलो. म्हटलं, काकूंचाच हात जड असेल, माझ्या चात्यांना काय धाड भरली आहे? काकूंनी चाती माझ्या हातात ठेवली. टोक बोथट झालं होतं. मिस्त्री म्हणाले, गोटे बंद.

मग वाळू घातली, तर चात्यांवर चरे पडले. शेवटी कापूस पिंजायच्या आधी सरकी वेगळी करतात त्या जिनातून सरकी आणली. सरकी रगडली की तेल सुटतं, हे कापसाच्या मुलखात जन्मलेल्या आम्हा शहाण्यांच्या डोक्यात येऊ नये! चात्या चकचकीत निघाल्या आणि काकूंचं सूत काळंकुट्ट. सगळे पोट धरून हसले. मी नुसता बघत बसलो. मिस्त्रींनी चुलीतली राख चाळून सरकीत कालवली, म्हणाले, राख तेल ओढून घेईल, आणि एकमेकींवर आपटू नयेत म्हणून चात्याही निम्म्याच टाकायला लावल्या.

मी दांडा फिरवला. आवाजच होईना. सरकीच्या लवेत लोखंड बुडून गेलं होतं. बाहेर गाडीवान बैलांवर ओरडत होता तेसुद्धा स्पष्ट ऐकू आलं. मला त्या सरकीचा इतका राग आला की ढोल लाथेनं पाडावासा वाटला. पण त्या घाण्याची चाती काकूंनी चढवली आणि धागा निघतच राहिला. एकदाही तुटला नाही. आता हीच सरकी, रोज हीच, हे मला कळून चुकलं.

काकूंनी चरखा थांबवला.

"लेकराचं नाव काय ठेवणार होते रे तुम्ही?"

आम्ही दोघांनी ठरवलेलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. मी ढोल फिरवत राहिलो, उत्तर टाळायला आता ढोलाचा आवाजच नव्हता. मग मी नाव सांगितलं. मुलीचं होतं. काकूंनी ते एकदा हळू म्हणून पाहिलं, आणि मला पुढं दांडा फिरवता येईना.