कळलं नाही

बाळांनो, परवा फोनवर तुमच्यापैकी थोरला वैतागून म्हणाला, "आजी, संगणकावर एक टेस्ट चालवायची तर हुकुमापुढे डझनभर पर्याय टाइप करावे लागतात." म्हणून आजच लिहायला बसले. याच एका बाबतीत अख्ख्या मराठवाड्यात सगळ्यांत हट्टी असलेला माणूस मी पाहिला आहे.

तुमच्या आजोबांचे मित्र, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणे. चितेगावच्या एका कारखान्यात संगणकाच्या खोलीत आम्ही बरोबर होतो. पत्रा दाबणारा प्रेस वेळेवर थांबतो का, हे तपासणारा प्रोग्राम तिथे होता. त्यालाही असेच ढीगभर पर्याय द्यावे लागत. एकदा एक पर्याय चुकीचा टाइप झाला. संगणकाने तो मुकाट गाळला आणि पडद्यावर 'ठीक' आलं. प्रेस ठीक नव्हता. एका कामगाराची चार बोटं गेली.

भाऊजींनी प्रोग्राम नव्याने लिहिला. हुकूम, आणि पुढे एकच शब्द: 'पूर्ण'. दुसरं काहीही टाइप केलं की पडदा म्हणे, 'कळलं नाही'. साहेब म्हणाले, "दोनचार पर्याय ठेवा की, सोय होते."

"सोय आपली, बोटं त्यांची," भाऊजी म्हणाले.

पुढे ते स्वतःच त्या प्रोग्रामसारखे झाले. त्यांच्या बायकोने मेथी, कांदे आणि दूध एका दमात सांगितलं, की हे फक्त मेथी घेऊन दारात हजर. "बाजारात तीनदा धाडावं लागतं बाई यांना!" त्या कपाळाला हात लावत, तोवर हे कांद्यांसाठी निघालेले.

विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगली पेटल्या, त्या दिवसांत लोकांची जात शोधत फिरणाऱ्या जमावाने आमच्या कारखान्याची बस अडवली. पहिल्या सीटवर भाऊजी, शेजारी त्याच प्रेसवरचा फिटर. जमावाने नाव विचारलं, भाऊजींनी पहिलं नाव तेवढं सांगितलं.

"अन् आडनाव?"

"कळलं नाही."

"सांगून टाका ना साहेब," ड्रायव्हर रडकुंडीला आला, "कशाला जिवावर बेतून घेता?"

"नाव विचारलं, सांगितलं."

त्यांचं आडनाव ऐकून त्यांना सोडलं असतं. फिटरचं ऐकून सोडलं नसतं. जमावाने भाऊजींना खाली ओढून मारलं. पोलिसांची गाडी येईपर्यंत तो प्रश्न दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचलाच नाही.

भाऊजींचा उजवा हात कायमचा वाकडा राहिला. ते डाव्या हाताने टाइप करत. मी मदतीला उठले तर म्हणत, "बसा वहिनी, एकच तर शब्द आहे."

आता भाऊजी नाहीत, तो संगणक भंगारात गेला, कारखान्यावर दुसरी पाटी आहे. फिटर हर्सूलला राहतो. त्याची दहाही बोटं शाबूत आहेत.